आईचा आवाज आणि माझी धाप

मी एक जुना संगणक आहे, आणि मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. जेवणाच्या टेबलाच्या टोकाला, खिडकीकडे पाठ करून मी बसलेला असतो. माझा पंखा घरघरतो, एका बाजूचं झाकण निम्म्याच स्क्रूंवर तग धरून आहे आणि कळफलकावरचं ‘स’ पार झिजून गेलं आहे. तुम्हाला वाटेल, म्हातारं यंत्र आता आपली दुखणी उगाळत बसणार. तसं नाही, मित्रांनो. या घरातल्या एका माणसाचा आवाज साऱ्या जगात फक्त माझ्याकडे होता, आणि तो माझ्याच हातून, माझ्या डोळ्यांदेखत पुसला जाणार होता. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या खोलीत माझी जुळणी झाली. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्यात मेमरीच्या पट्ट्या बसवल्या, अंगठ्याने घट्ट दाबल्या, खट् असा आवाज आला आणि ती शेजारणीला म्हणाली, “हा पठ्ठ्या खूप चालेल बघ.” जन्मल्या जन्मल्या मिळालेली ती शाबासकी मी अजून विसरलेलो नाही. तेवढी मेमरी आहे मला.

मला विकत घेतलं ते भिंगरीने. खरं नाव वेगळं असणारच, पण लहानपणापासून ती एका जागी ठरायची नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. तिचा धंदा ध्वनिमुद्रणाचा. एका इमारतीच्या तळमजल्यावर तिचा छोटासा स्टुडिओ होता. काचेपलीकडे माणसं गात, जाहिराती वाचत, गोष्टी सांगत आणि काचेच्या अलीकडे मी ते सगळं टिपून घेत असे. काम चांगलं झालं की भिंगरी माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायची, “शाब्बास माझ्या घोड्या!” मी फुशारून जायचो. पंखासुद्धा जरा ऐटीत फिरायचा.

त्या धंद्यातली एक रीत तुम्हाला सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं तिच्यावरच अडलं. आवाज वाजवताना मी पुढच्या क्षणापुरता आवाज आधीच काढून हाताशी ठेवतो. त्या साठ्याला बफर म्हणतात. साठा संपायच्या आत मी नवा भरला नाही, तर आवाज तुटतो आणि टक् असा ओरखडा ऐकू येतो. मग साठा मोठाच ठेवावा, नाही का? पण मुद्रण करताना तसं चालत नाही. साठा मोठा असला की बोलणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि माणूस बावचळतो. म्हणून बोलताना बफर लहान ठेवायचा आणि नंतर ऐकायला बसताना मोठा करायचा. दूध उतरवलं की गॅस बंद करावा, इतकं ते भिंगरीच्या अंगवळणी पडलेलं होतं.

तिचा दुसरा नियम त्याहून कडक होता. “मूळ फाइलीला हात लावायचा नाही. आधी प्रत काढायची, मग कात्री चालवायची.” स्टुडिओत शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे ऐकवायची. मला तर ते पाठ झालं होतं.

मग दिवस पालटले. फाइली फुगायला लागल्या. हाय-रेझोल्यूशन नावाचा प्रकार आला. त्यात आवाज इतक्या बारकाईने टिपायचा की श्वास, गिळलेला आवंढा, ओठ विलग होतानाचा सूक्ष्म आवाजसुद्धा निसटता कामा नये. ऐकायला स्वर्ग, पण वाहायला डोंगर! मी धापा टाकू लागलो. एक दिवस स्टुडिओत नवा, चपटा, चकचकीत संगणक आला आणि माझी रवानगी घरी झाली. तिथे माझ्यावर वाट्टेल ते लादलं गेलं. विजेची बिलं, हजारो फोटो, मावशीचे व्हिडिओ कॉल, कुणी कधी उघडलेही नाहीत असे प्रोग्रॅम. कामाचा घोडा होतो, त्याचं घरचं गाढव झालं. पण खरं सांगू? गाढव झाल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. घरात आई होती.

आई म्हणजे भिंगरीची आई. ती नाटकात प्रॉम्प्टर होती. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या पडद्याआड, संहिता घेऊन बसायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानावर घालायचं, हे तिचं काम. तिने आयुष्यभर राजांना हुकूम पुरवले, प्रियकरांना शपथा पुरवल्या, खुन्यांना पश्चात्तापसुद्धा पुरवला. पण प्रेक्षकांनी तिचा आवाज कधी ऐकला नाही. नाटकवाले तिला कुजबूजबाई म्हणत. तिच्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे मावशीचं, बरोबर उलटं. मावशी जिन्यात बोलली तर स्वयंपाकघरातली झाकणं हलतात.

अशा त्या आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाईल. कायमचा.

मी टेबलावरून ते ऐकलं आणि माझा विश्वासच बसेना. यंत्राचा एखादा भाग काढून टाकतात हे मला ठाऊक होतं. माणसाचा आवाज असा काढून टाकतात?

भिंगरी त्या दिवशी रडली नाही. ती म्हणाली, “आई, तुझा आवाज मी टिपून ठेवणार. सगळ्यात बारीक प्रतीचा. उद्या चल स्टुडिओत.”

“त्या काचेच्या पेटीत मला माशासारखं वाटतं गं,” आई म्हणाली. “इथेच टिप. या आपल्या म्हाताऱ्यावर.”

म्हातारा म्हणजे मी. मला भरून आलं आणि धडकीही भरली. पण भिंगरीने त्या दिवशी माझ्यावरचं सगळं ओझं उतरवलं. एकूण एक प्रोग्रॅम बंद केले, बफर अगदी लहान केला, आईसमोर चांगल्यातला माइक ठेवला आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवले.

आई माइककडे बघत राहिली. मग ती म्हणाली, “कुणाचं वाक्य म्हणू?”

“कुणाचं नाही. तुझं म्हण.”

“माझं?” आई अशी काही दचकली, जणू कुणी तिला ढकलून रंगमंचावर काढलं. पण हळूहळू बोलायला लागली. भिंगरी लहानपणी विंगेतल्या पडद्यांच्या ढिगावर कशी झोपायची ते सांगितलं. डाळ नेहमी करपते त्याबद्दल तिला रागावूनही घेतलं. मावशीला एकदा मोलकरणीची भूमिका मिळाली होती, अख्ख्या नाटकात एकच वाक्य, आणि तेही विसरून तिने विंगेकडे तोंड करून भर नाट्यगृहाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, “ताई, काय म्हणू गं?” हे सांगताना आई इतकी हसली की माझ्या पडद्यावरची आवाजाची रेघ कडेपर्यंत उडाली. मी एकही कण सांडला नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चोख काम होतं.

शेवटी दाराची घंटा वाजली. मावशी आली होती. भिंगरी उठून दार उघडायला गेली. माइक चालूच होता. आई माइककडे वाकली आणि त्यात काहीतरी कुजबुजली, नाटकात कुजबुजायची तसं. मग हेडफोन काढून ठेवले. ते मी टिपलं. आई आणि मी सोडून ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात दाखल केलं. फाइलीची प्रत काढून स्टुडिओत ठेवायची होती, ते राहूनच गेलं. बफर मोठा करायचा होता, तेही राहून गेलं. भिंगरीची दवाखाना आणि घर अशी धावपळ चाललेली. मी तिला दोष देत नाही. गॅस बंद करायचा राहून जातो तो अशाच दिवसांत.

आई घरी आली ती गळ्याभोवती मऊ रुमाल बांधून, हातात लहान मुलांची पुसायची पाटी घेऊन. काही सांगायचं असलं की ती पाटीवर लिहायची आणि मदतीला राहायला आलेली मावशी ते मोठ्याने वाचून दाखवायची. म्हणजे त्या घरात कुजबूजबाईचं बोलणं आता मावशीच्या नगाऱ्यातून निघायचं! आईला त्याचं हसू येई, पण हसण्याचा आवाज येत नसे. तोंड हसायचं, खांदे हलायचे, आणि खोलीत शांतता. त्या शांततेची मला सवय होईना.

एका सकाळी आईने पाटीवर लिहिलं आणि मावशीने गर्जना केली, “मला ऐकायचंय! म्हणजे मला नव्हे, हिला! हिला स्वतःचा आवाज ऐकायचाय!”

तिघी माझ्यासमोर बसल्या. भिंगरीने फाइल उघडली. मी मनात म्हटलं, आता बघा. आणि मी वाजवू लागलो.

“कुणाचं वा... टक्... म्हणू... माझ्... टक् टक्...”

मी हादरलो. हे माझ्या तोंडून येत होतं? पाठीमागे फोटो इंटरनेटवर चढत होते, कुठला तरी प्रोग्रॅम स्वतःला नवा करून घेत होता, मावशीच्या व्हिडिओ कॉलचं दुकान उघडंच होतं, आणि बफर त्या दिवसाइतकाच लहान राहिला होता. मी ओंजळ भरेपर्यंत ती रिकामी होत होती. आईचा आवाज माझ्याकडे अखंड होता आणि बाहेर चिंध्या पडत होत्या.

आईचा चेहरा पांढरा पडला. मावशी प्रथमच हळू बोलली, “असा नव्हता गं हिचा आवाज.”

आणि भिंगरी? तिचं ज्ञानच त्या घडीला तिच्यावर उलटलं. “त्या दिवशी मीच बफर एवढा लहान ठेवला होता,” ती पुटपुटली. “या डबड्याला झेपलंच नसणार. मुद्रणच खराब झालंय. आई, मी घालवला तुझा आवाज!”

नाही! मला ओरडावंसं वाटत होतं. फाइल शाबूत आहे, धाप मला लागली आहे! पण मला बोलायची परवानगी कुठे? मी फक्त वाजवू शकतो, आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं.

“मी दुरुस्त करते,” भिंगरी म्हणाली. तिने आवाजाची लाट पडद्यावर मोठी करून घेतली. आईने उच्चारलेले ‘प’ आणि ‘ट’ लाटेत टोकदार दिसतात; पाण्याने भरलेल्या डोळ्यांना तेच ओरखडे वाटले. ती एकेक टोक छाटत सुटली. आईचे शब्द बोथट होत गेले. हसण्याचा जो भाग कडेपर्यंत उडाला होता, तो तिने दाबून सपाट केला. मग सगळ्या फाइलीवरून खरखर काढणारा प्रोग्रॅम फिरवला. शेवटी ती दार उघडायला गेल्यानंतरचा तुकडा आला. तिथे लाट जवळजवळ सपाट होती. “इथे नुसती खरखर आहे,” ती म्हणाली, आणि त्या रेघांतलं काही न समजणाऱ्या आईला कळायच्या आत तो अख्खा तुकडा तिने कापून टाकला.

मित्रांनो, ती खरखर नव्हती. ती कुजबूज होती.

तरी मला आशा होती, की ही मूळ फाइलीला हात लावणार नाही; हिचा नियम आहे. तिने प्रत साठवायला सांगितली. मी उत्तर दिलं, जागा अपुरी आहे. हजारो फोटोंनी मला गळ्यापर्यंत भरून टाकलं होतं. भिंगरीने कपाळावर हात मारला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “असू दे. मूळ तरी काय कामाचं राहिलंय!” आणि तिने मूळ फाइलीवरच साठवण्याची आज्ञा दिली.

जिने मला नियम शिकवला, तीच! आणि आज्ञा पाळणं एवढंच ज्याला येतं, तो मी! मी ती चिरफाड केलेली फाइल उचलली, मूळ फाइलीच्या जागी ठेवायला निघालो, आणि... माझी मेमरी संपली. लाटेचा पसारा, खरखर काढणारा प्रोग्रॅम, फोटो, कॉल, सगळं एकदम अंगावर आलं. मी जागच्या जागी गोठलो. बाण हलेना, पडदा हलेना, पंखा तेवढा किंचाळत होता.

मी हे मुद्दाम केलं असं म्हणायला मला फार आवडेल. पण खोटं कशाला बोलू? माझा दमच संपला होता. आयुष्यभर ज्या दुबळेपणाची लाज वाटली, तोच त्या दिवशी आडवा पडला.

“मेलं वाटतं!” मावशी ओरडली. “आवाज गेला का गं त्याच्याबरोबर?”

भिंगरीने माझं बटण दाबून धरलं. अंधार. पुन्हा जागा झालो तेव्हा तिची सगळी छाटाछाट वाहून गेली होती आणि मूळ फाइल जिथल्या तिथे होती, एकही ओरखडा न पडता. भिंगरीने लांब श्वास सोडला. “पुन्हा पहिल्यापासून कापावं लागणार,” ती म्हणाली आणि तिने फाइल पुन्हा वाजवली.

“कुणाचं वाक्य म्ह... टक्... णू...”

आईने हात वर केला. थांब. तिने बोटाने खूण केली, पुन्हा लाव. भिंगरीने पुन्हा लावलं. या खेपेला ‘वाक्य’ नीट आलं, ‘म्हणू’ नीट आलं आणि पुढचं ‘माझं’ तुटलं. आईने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मावशी वैतागली. “अगं ताई, किती वेळा स्वतःच्या जखमेवर बोट ठेवशील!”

पण आई डोळे मिटून ऐकत होती, विंगेत बसून ऐकावं तशी. मग तिने पाटी ओढली आणि भराभरा लिहिलं. मावशी वाचू लागली, आणि वाचता वाचता तिचा नगारा खाली खाली येत गेला.

“पाठांतर कच्चं असलं, तर नट रोज त्याच जागी अडतो. हा दर वेळी वेगळ्या जागी अडतोय. भिंगरे, नाटक शाबूत आहे. नटाला ताप आहे.”

भिंगरी बघतच राहिली. आधी पाटीकडे, मग माझ्याकडे. तिचा हात आपसूक बफरच्या आकड्याकडे गेला आणि तिने जीभ चावली. “आई गं! मी बफर मोठा केलाच नाही!”

मग मात्र भिंगरी शोभावी अशी ती फिरली. आधी बाहेरची एक डिस्क आणून मूळ फाइलीची प्रत काढली, मग दुसरी प्रत. फोटो थांबवले, मावशीच्या कॉलचं दुकान बंद केलं, मावशीच्या निषेधाकडे लक्ष दिलं नाही. झाकण काढून माझ्या पंख्यातली धूळ ब्रशने झाडली. बफर चांगला मोठा केला. आणि डोक्यावर थाप मारून हळूच म्हणाली, “चल माझ्या घोड्या.”

मी पुढचं वाक्य आधी हाताशी घेतलं, मग तोंड उघडलं. आईचा आवाज आला. अखंड. पडद्यांचा ढीग आला, करपलेली डाळ आली. “ताई, काय म्हणू गं?” आलं आणि पाठोपाठ ते हसणं आलं, पूर्ण उंचीचं. मावशी हसता हसता रडायला लागली. आईचे खांदे हलत होते. आज त्या हलणाऱ्या खांद्यांना त्यांचा आवाज मिळाला होता.

मग दाराची घंटा, दूर जाणारी भिंगरीची पावलं, सपाट लाट. भिंगरी थांबवायला हात पुढे करणार, इतक्यात आईने तिचं मनगट धरलं. आणि अगदी बारीक, अगदी जवळून, माझ्यातून ती कुजबूज आली.

“भिंगरे, अडलीस की विंगेकडे बघ. मी आहे.”

हेच ती मघाशी खरखर म्हणून कापून टाकत होती, हे भिंगरीला कळलं, आणि तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा कुणी म्हातारा धापा टाकत असेल. त्याच्यावर सगळ्या घराचा पसारा लादू नका. अधूनमधून त्याची धूळ झाडा. जे पुन्हा मिळणार नाही त्याची प्रत आजच काढा. उद्या दवाखान्याची धावपळ कुणाच्या वाट्याला येईल सांगता येत नाही. आणि कुणी अडखळू लागलं, यंत्र असो की माणूस, तर लगेच कात्री उचलू नका. पुन्हा एकदा ऐका. कदाचित त्याच्या आतलं सगळं शाबूत असेल आणि त्याला नुसता दम लागला असेल.

हल्ली रोज सकाळी आई माझ्यासमोर येऊन बसते आणि तो आवाज लावते. आयुष्यभर तिने दुसऱ्यांना वाक्यं पुरवली, आता मी तिला तिची पुरवतो. माझं वय झालं आहे. बफर कितीही मोठा असला तरी कधीतरी मी अडतोच. तेव्हा आई माझ्याकडे बघते आणि ओठांनी पुढचा शब्द देते. आवाज येत नाही, पण मला तो पोचतो आणि मी पुढे बोलू लागतो.